दारावर टांगायची रंगवलेली उशी : एक भेट आणि एक पाठ



मागच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. रविवारी सकाळी आठ वाजता माझ्या भाचीचा व्हिडिओ कॉल आला. ती अमेरिकेत, टेक्सासमध्ये, विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र, साडेनऊ.

"मावशी, मला एक उशी करायची आहे. दाराला टांगायची, हाताने रंगवलेली. माझ्याकडे बाराच दिवस आहेत."

उशी कळली. पण दाराला टांगायची कशाला? आणि दुकानात मिळत असताना हाताने का? मी कार्यानुभव शिकवते, त्यामुळे शिवण आणि रंगकाम मला नवीन नाही. पण या उशीने मलाच काही गोष्टी शिकवल्या. त्या वर्गात आणि घरात उपयोगी पडतील असं वाटलं, म्हणून हा लेख.

सोरोरिटी म्हणजे काय?

भाची एका 'सोरोरिटी'ची सदस्य आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये मुलींच्या अशा संघटना असतात. लॅटिन भाषेत 'सोरोर' म्हणजे बहीण, म्हणून सोरोरिटी म्हणजे भगिनीमंडळ म्हणा ना! सिरॅक्यूज विद्यापीठात १८७४ साली सुरू झालेल्या 'गॅमा फाय बीटा' या संस्थेसाठी लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली यांनी हा शब्द सुचवला, असे मानले जाते. त्याआधी १८७० मध्ये इंडियाना राज्यात 'कप्पा अल्फा थीटा' सुरू झाली होती. त्या काळात महाविद्यालयांत मुली मोजक्याच होत्या आणि मुलांच्या संघटनांत त्यांना जागा नव्हती. एकमेकींना धरून राहण्यासाठी त्यांनी आपले गट बांधले. पुढे १९०८ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात 'अल्फा कप्पा अल्फा' ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची पहिली सोरोरिटी सुरू झाली. कमला हॅरिस याच संस्थेच्या सदस्य. आणि १९९८ मध्ये टेक्सासमध्येच, ऑस्टिनला 'कप्पा फाय गॅमा' आणि ह्यूस्टनला 'डेल्टा फाय ओमेगा', अशा दक्षिण आशियाई मुलींनी पुढाकार घेऊन काढलेल्या संस्था उभ्या राहिल्या. आपल्याकडच्या घरांतल्या अनेक मुली आज अशा संस्थांमध्ये असतात. भाचीची संस्था कोणती ते मुद्दाम सांगत नाही, त्याने पाठात फरक पडत नाही.

या संस्थांवर टीकाही होते. खर्च फार, गटबाजी, आणि काही ठिकाणी नव्या मुलींना दिला जाणारा त्रास. पालक म्हणून हेही माहीत असावे. पण त्यांच्यातली एक पद्धत मला आवडली. नव्या मुलीला वरच्या वर्गातली एक 'मोठी बहीण' मिळते. मोठीला 'बिग' म्हणतात, धाकटीला 'लिटिल'. आपली बिग कोण हे लिटिलला आधी सांगत नाहीत. काही दिवस गुपचूप भेटी पोचतात आणि मग एके दिवशी नाव उघड होते. या भेटींत हाताने रंगवलेल्या वस्तूंना मान असतो. भाचीची टांगती उशी ही त्यातलीच एक.

ही उशी असते तरी कशी?

डोके टेकायची नव्हे. साधारण दहा इंच रुंद, आठ इंच उंच, हलकी, आणि वरून रिबनचा फास. ती खोलीच्या दाराच्या मुठीला किंवा खिळ्याला टांगतात. तिच्यावर संस्थेची ग्रीक अक्षरे आणि धाकटीसाठी एखादे चित्र असते. रंगसुद्धा ठरलेले. अल्फा कप्पा अल्फाचे रंग फिकट गुलाबी आणि हिरवा, तर काय ओमेगाचे लाल आणि पेंढ्यासारखा पिवळा. काय ओमेगाचं चिन्ह घुबड! आपल्याकडे कोणी घुबडाची उशी भेट दिली तर घरात काय होईल, ते मी सांगायला नको.

ग्रीक अक्षरे ऐकून घाबरू नका. तुमच्या नववी-दहावीच्या मुलांना ती अर्धीअधिक माहीत असतात. डेल्टा म्हणजे त्रिकोण. पाय म्हणजे दाराची चौकट, वर्तुळाच्या धड्यात रोज भेटणारी. ओमेगा म्हणजे विजेच्या रोधाचं, ओहमचं चिन्ह, घोड्याच्या नालासारखं. गॅमाचं मोठं अक्षर सुताराच्या गुण्यासारखं काटकोनी. गणिताच्या वहीतली ही अक्षरं कोणाच्या तरी दारावर नाव बनून टांगलेली असतात, हे सांगितलं की मुलं कान टवकारतात.

आधी माणूस, मग उशी

भाचीने मोबाइलवर मला दहा-बारा नमुने दाखवले. सगळे चकाकीचे, सगळे एकसारखे.

मी विचारलं, "ती मुलगी कोण आहे? तिच्याबद्दल पाच गोष्टी सांग."

"नाव, आणि ती बायोलॉजी घेणार आहे." पुढे गाडी अडली.

"मग अजून उशी सुरू करू नकोस. तीन दिवस नुसतं ऐक."

तिने ऐकलं. म्हणजे माझंही आणि त्या मुलीचंही. जेवणाच्या टेबलावर, ग्रंथालयात, गप्पांत. विचारपूस नाही, नुसतं लक्ष. चौथ्या दिवशी पुन्हा कॉल. "मावशी, तिचं घर डॅलसजवळ आहे. तिची अम्मम्मा, म्हणजे आईची आई, कुंडीत मोगरा लावते. तेलुगूत त्याला मल्ले म्हणतात. थंडी पडायला लागली की कुंडी घरात आणायचं काम हिचं. या वर्षी ती इथे आहे, तर कुंडी कोण आत घेणार, असं ती दोनदा म्हणाली."

आता उशीवर काय काढायचं हे वेगळं सांगायची गरजच उरली नाही.

साहित्य

१. मांजरपाट किंवा जाड सुती कापड : ११ इंच × ९ इंच मापाचे दोन तुकडे
२. कापडावर चालणारे रंग (साधे ॲक्रिलिक असतील तर त्यात कापडासाठीचे मीडियम मिसळावे)
३. एक चपटा आणि एक बारीक ब्रश
४. पेन्सिल, पट्टी, कार्बन पेपर, पुठ्ठा
५. अर्धा ते पाऊण इंच रुंदीची रिबन, २० इंच
६. सुई, कापडाच्या रंगाचा दोरा, टाचण्या, कात्री
७. भरायला उशीचा फायबर, किंवा जुन्या सुती कपड्यांच्या बारीक चिंध्या
८. इस्त्री

कृती

१. कापड आधी धुवून, वाळवून इस्त्री करावे. नव्या कापडाला खळ असते. ती गेली नाही तर रंग वरवर बसतो. कापड आटायचे असेल तर तेही आधीच आटते.

२. दोन्ही तुकड्यांवर चारही बाजूंनी अर्धा इंच आत पेन्सिलीने रेघ मारावी. ही शिलाईची रेघ. आतला भाग बरोबर १० × ८ इंच उरतो.

३. आता गणित. उशी भरली की कडा गोल होऊन मागे वळतात, म्हणून चित्र कडेपासून दीड इंच आत हवे. रुंदी १० मधून ३ गेले, उरले ७. तीन अक्षरांमध्ये अर्ध्या इंचाच्या दोन फटी, म्हणजे १ इंच गेला, उरले ६. प्रत्येक अक्षराला २ इंच. उंची ८ मधून ३ गेले, उरले ५. त्यात अडीच इंच अक्षरे, अर्धा इंच मोकळा आणि दोन इंच चित्र. हा हिशोब मुलांना स्वतः करू द्या.

४. अक्षरे आणि चित्र आधी कागदावर खऱ्या मापात काढावे. कार्बन पेपर ठेवून कापडावर उतरवावे. कापडाखाली पुठ्ठा हवाच, नाहीतर रंग टेबलावर उमटतो.

५. रंग पातळ नको. पाणी जास्त झाले की रंग कापडाच्या धाग्यांतून पसरतो आणि अक्षराची कड फुटते. एकच जाड थर देण्यापेक्षा दोन हलके थर द्यावेत. पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा.

६. मोगऱ्याचा प्रश्न इथे आला. पांढरी फुले मांजरपाटावर दिसेनात! भाचीने मला विचारलं, मी तिला उलट विचारलं, "मोगरा झाडावर असताना कशामुळे उठून दिसतो?" उत्तर तिलाच सापडलं. आधी गडद हिरव्या पानांचा घोस रंगवायचा, तो वाळू द्यायचा आणि त्याच्यावर पांढऱ्या कळ्या ठेवायच्या.

७. रंग एक दिवस वाळू द्यावा. मग कापड उलटे करून, वर एक सुती फडके ठेवून, वाफेशिवाय गरम इस्त्री तीन-चार मिनिटे फिरवावी. रंगाच्या बाटलीवर वेगळी सूचना असेल तर ती पाळावी. लहान मुलांकडे इस्त्री देऊ नये.

८. रंगवलेली बाजू वर ठेवावी. रिबनची दोन्ही टोके वरच्या कडेला, कोपऱ्यांपासून दोन-दोन इंचांवर टाचावीत. फास मात्र खाली, चित्राच्या अंगावर पडलेला असावा. त्याच्यावर दुसरा तुकडा ठेवून टाचण्या लावाव्यात.

९. मशीन नसेल तर हाताने उलटी टीप घालावी. साधा धावदोरा भरताना उसवतो. खालच्या कडेला मध्यभागी तीन इंच तोंड उघडे ठेवावे. रिबनच्या टोकांवर दोनदा टीप घालावी, कारण सगळे वजन तिथेच येते.

१०. कोपरे तिरके कापावेत, दोरा कापला जाणार नाही इतके सांभाळून. उशी सुलट करावी. कोपरे बोथट पेन्सिलीने बाहेर काढावेत.

११. फायबर पिंजून थोडा थोडा भरावा. आधी कोपरे, मग मध्य. गच्च भरू नये, अक्षरे फुगून वाकडी दिसतात आणि रंगाला तडे जातात. शेवटी तोंडाच्या कडा आत दुमडून, दुमडीच्या आतून टाके घेत तोंड बंद करावे.

पहिली उशी वाया का गेली?

वरची कृती वाचायला सरळ वाटते. पण भाचीची पहिली उशी फुकट गेली. तिने मला न विचारता उशी आधी शिवली, भरली आणि मग रंगवायला घेतली. फुगीर पृष्ठभागावर ब्रश घसरला, तिसरं अक्षर कडेवरून मागे गेलं, आणि आत फायबर असल्याने इस्त्री करता येईना. पाच दिवस राहिले होते.

त्या रात्री माझ्या बहिणीचा फोन आला. "ताई, तूच इथून करून कुरिअर कर ना. तिची परीक्षा आहे. तुला किती वेळ लागणार, दोन तास?"

पाच दिवसांत कुरिअर पोचलं असतं की नाही, हा प्रश्न वेगळा. पण खरं सांगते, माझ्या मनात कापड बेतूनसुद्धा झालं होतं. मग मला एक जुनी गोष्ट आठवली.

भाची सातवीत असताना तिच्या शाळेत प्रकल्प स्पर्धा होती. पावसाचं पाणी साठवणारं घर करायचं होतं. ती करत होती, पण वेडंवाकडं. मी रात्री दोनपर्यंत जागून ते घर केलं. पुठ्ठ्याची कौलं, नळ्यांची पन्हाळी, सगळं देखणं. पहिला क्रमांक आला. ती बक्षिसाची पेटी घेऊन घरी आली आणि माझ्या हातात देत म्हणाली, "मावशी, हे घे, तुझं बक्षीस."

ती रागावली नव्हती. खरं तेच बोलली होती. म्हणूनच ते लागलं. मुलांना प्रकल्प स्वतः करू द्या, असं पालकसभेत सांगणारी मी, माझ्याच भाचीचं काम तिच्या हातून काढून घेतलं होतं.

बहिणीला म्हटलं, "नाही गं. ही उशी मी केली तर ती त्या मुलीसाठी मावशीची उशी होईल. तिला बिग हवी आहे, मावशी नको."

मदत कितपत करायची?

मी स्वतःसाठी एक नियम केला. तिच्या उशीबद्दल सूचना द्यायची नाही, फक्त प्रश्न विचारायचा. अगदीच हात भाजायची वेळ आली तर गोष्ट वेगळी.

दुसऱ्या उशीच्या वेळी कॅमेऱ्यात मला दिसलं की तिने रिबनचा फास बाहेरच्या बाजूला ठेवलाय. तशीच शिवली असती तर फास उशीच्या आत गेला असता. जीभ शिवशिवत होती. मी एवढंच म्हटलं, "शिवण्याआधी मला बोटाने दाखव, उशी सुलट केल्यावर रिबन कुठे येईल?" ती थांबली. दोन्ही तुकडे हातात धरून उलटसुलट केले. अर्धं मिनिट गेलं. मग स्वतःशीच हसली आणि फास आत वळवला.

ते अर्धं मिनिट मला फार लांब वाटलं. पण तेवढ्यात ती जे शिकली, ते मी सांगून शिकली नसती. आपण शिक्षक आणि पालक नेमकं हेच अर्धं मिनिट मुलांना देत नाही, नाही का?

वर्गात हा उपक्रम कसा घ्याल?

सातवी ते नववीसाठी चार तासिका पुरतात. आपल्याकडे सोरोरिटी नाही, पण नव्याने शाळेत आलेली पाचवीची मुलं आहेत. वरच्या वर्गातल्या प्रत्येकाने एका नव्या मुलासाठी छोटी उशी करावी.

पहिली तासिका : उशी कोणासाठी ते ठरवणे. त्याआधी आठवडाभर त्या मुलाबद्दल पाच गोष्टी टिपून आणणे. मुलांना बजावून सांगा, चौकशा करायच्या नाहीत, आणि घरची अडचण, आजार, जात असं काही दारावर रंगवायचं नाही. चारचौघांत बघून ज्याचं त्याला बरं वाटेल तेच निवडायचं.

दुसरी तासिका : मापे, हिशोब आणि कागदावर आराखडा. ग्रीक अक्षरांऐवजी नावाचं पहिलं अक्षर घ्या. देवनागरीत एक काळजी घ्यावी लागते. शिरोरेखा कडेच्या फार जवळ आली तर उशी भरल्यावर ती वाकते आणि अक्षर पडल्यासारखं दिसतं. दीड इंचाचा नियम इथे जास्तच पाळा.

तिसरी तासिका : रंगकाम. इस्त्री शिक्षकांनी करावी.

चौथी तासिका : शिवणे आणि भरणे. सुया वाटताना मोजा, परत घेताना मोजा. मुलगे शिवणार नाहीत असं कोणी म्हटलं तर गावातल्या शिंप्याचं उदाहरण द्या.

खर्च जवळजवळ नाही. रंग गटात वापरावा, भरायला चिंध्या आणि रिबनऐवजी जुन्या कपड्यांची नाडी चालते.

मूल्यमापन करताना सुबकपणाला सर्वांत कमी गुण द्या, नाहीतर ज्यांच्या घरी माझ्यासारखी मावशी आहे तीच मुलं पुढे जातील. त्याऐवजी मुलांना तीन प्रश्न विचारा :

१. हे चित्र याच मुलासाठी का?
२. कुठे चुकलं आणि तू काय केलंस?
३. कोणी मदत केली आणि नेमकी कोणती?

तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर देणाऱ्याचे गुण कापू नका. मदत घेणं चूक नाही, लपवावी लागणं वाईट.

आणखी एक. भाचीसारखं कोणी खऱ्या सोरोरिटीची अक्षरे वापरत असेल तर स्वतःच्या भेटीपुरतं ठीक. अशा वस्तू विकायला करायच्या तर त्या संस्थेची परवानगी लागते, कारण नाव आणि चिन्हे त्यांच्या मालकीची असतात.

पुढे काय झालं?

उशी वेळेत झाली. नाव उघड होण्याच्या आदल्या रात्री भाचीने ती गुपचूप त्या मुलीच्या दाराला टांगली. सकाळी ती मुलगी दार उघडून बाहेर आली आणि अक्षरांकडे न बघता कुंडीकडेच बघत उभी राहिली, असं शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीने भाचीला सांगितलं. मग तिने तिथूनच आजीला फोन लावला. कुंडी आत घेतली का, म्हणून विचारायला.

भाचीने मला फोटो पाठवला. मी तो मोठा करून पाहिला. तिसरं अक्षर थोडं कललेलं आहे. खालच्या कडेला, तोंड बंद केलं तिथे, टाके दिसतात. माझे हात अजूनही ते उसवून नीट करायला शिवशिवतात. पण ती माझी उशी नाही.

आपल्या वर्गात किंवा घरी हा उपक्रम करून पाहा. आणि करताना एखाद्या मुलाच्या हातातली सुई घ्यावीशी वाटली, तर आधी मनात तीसपर्यंत आकडे मोजा.